मूलद्रव्य विश्लेषण: नमुना सुकवण्यापासून आकडा वाचण्यापर्यंत

एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी चाचणी) स्वच्छ आला, मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूचं वजन दाखवणाऱ्या चाचणीत) हवा तो आकडा दिसला, आणि तरीही मूलद्रव्य विश्लेषणात कार्बन दीड टक्क्याने कमी भरला. संशोधनाला नव्याने लागलेल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला हे येतं, आणि पहिला संशय जातो तो यंत्रावर. मी हे यंत्र रोज चालवते. स्वतःच्या संयुगांपेक्षा दुसऱ्यांची संयुगं मी जास्त जाळली आहेत. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते: निकालाची चूक बहुतेक वेळा नमुना भट्टीत पडायच्या आधीच झालेली असते. ती शुद्धीकरणात होते, सुकवण्यात होते किंवा तोलण्यात होते. म्हणून या लेखात यंत्रावर थोडं आणि नमुन्यावर जास्त लिहिलं आहे.

हे विश्लेषण नेमकं काय सांगतं

ठरावीक वजनाचा नमुना पूर्ण जाळायचा आणि त्यातून किती कार्बन डायऑक्साइड, किती पाणी आणि किती नायट्रोजन निघाला ते मोजायचं, एवढीच मूळ कल्पना. त्यावरून संयुगात वजनाने किती टक्के कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन आहे ते कळतं. म्हणून याला सीएचएन विश्लेषण म्हणतात. गंधकही मोजला तर सीएचएनएस.

कल्पना जुनी आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिखने १८३१ साली पाच फुग्यांचं काचेचं उपकरण वापरात आणलं. त्यातल्या पोटॅशच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड शोषला जाई, आणि उपकरणाचं वजन किती वाढलं यावरून कार्बन काढता येई. नायट्रोजन वायूच्या रूपात मोजण्याची रीत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ड्यूमाची. आजची यंत्रं नायट्रोजनच्या बाबतीत तीच वाट चालतात. पुढे पित्ताम्लांवर काम करताना फ्रिट्झ प्रेग्लच्या हाती फारच थोडा पदार्थ उरत असे. तेव्हा त्याने ही सगळी रीतच काही मिलीग्रॅमवर आणली आणि त्यासाठी त्याला १९२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज आपण दोन मिलीग्रॅममध्ये काम उरकतो ते त्याच्यामुळे.

आता महत्त्वाचा मुद्दा. प्रोटॉन एनएमआरला द्रावकात विरघळलेलं आणि हायड्रोजन असलेलं तेवढंच दिसतं. शुद्धीकरणाच्या कॉलममधून आलेली सिलिका, धुताना राहिलेलं मीठ, गाळून निसटलेलं मॅग्नेशियम सल्फेट त्याला दिसत नाही. मास स्पेक्ट्रमला तर जे आयनित होऊन उडतं तेवढंच दिसतं. मूलद्रव्य विश्लेषण मात्र कुपीत जे जे आहे ते सगळं वजनात धरतं. पॅरासिटॅमॉलचं उदाहरण घ्या. शुद्ध असेल तर कार्बन ६३.५६ टक्के. त्यात एक टक्का सिलिका मिसळली, तर कार्बन ६२.९३ वर येतो. एनएमआरमध्ये कणभरही फरक दिसणार नाही, पण विश्लेषण ०.४ टक्क्याच्या नेहमीच्या मर्यादेबाहेर गेलेलं असेल. म्हणून ही चाचणी संयुगाच्या रचनेपेक्षाही त्याच्या एकूण शुद्धतेची आहे, असं मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते.

जे या चाचणीला जमत नाही तेही माहीत असावं. समघटकांमधला, म्हणजे सूत्र एकच पण रचना वेगळी असलेल्या संयुगांमधला, फरक तिला कळत नाही. व्होलरने १८२८ साली अमोनियम सायनेटपासून युरिया मिळवला. या दोघांचं मूलद्रव्य विश्लेषण तंतोतंत सारखं. फॉर्माल्डिहाइड, ॲसेटिक ॲसिड आणि ग्लुकोज या तिघांतही कार्बन ४० टक्केच. मोठ्या रेणूंत तर दोन हायड्रोजनचा फरकही जेमतेम दिसतो. कोलेस्टेरॉलमध्ये कार्बन ८३.८७ आणि हायड्रोजन ११.९९, दुहेरी बंध संपृक्त झाल्यावर मिळणाऱ्या कोलेस्टॅनॉलमध्ये ८३.४४ आणि १२.४५. तेव्हा रचना ठरवायला एनएमआर आणि क्ष-किरण स्फटिकशास्त्र. आणि कुपीतला सगळा पदार्थ त्याच रचनेचा आहे का, हे तपासायला मूलद्रव्य विश्लेषण.

पहिली पायरी: शुद्धीकरण, तेही विश्लेषणाच्या दृष्टीने

कॉलममधून आलेला अंश थेट विश्लेषणाला पाठवू नका. मिथेनॉलचं प्रमाण जास्त असलेल्या द्रावकाने कॉलम चालवला असेल तर सिलिकाचे बारीक कण सोबत येतात. असा अंश डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून बारीक छिद्रांच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा. घन पदार्थ असेल तर त्याचं पुनर्स्फटिकीकरण करा. एकदा केलेलं असलं तरी विश्लेषणासाठी थोड्या भागाचं पुन्हा करा. वीस-तीस मिलीग्रॅम शुद्ध, सुटे स्फटिक वेगळ्या कुपीत ठेवले की पुरे.

काही गोष्टी नकळत नमुन्यात शिरतात. जोडांना लावलेलं ग्रीस, फिल्टर पेपर खरवडताना निघालेले तंतू, स्पॅट्युलावरचा आधीच्या पदार्थाचा अंश, प्लास्टिकच्या कुपीतून द्रावकात उतरलेलं प्लास्टिसायझर. ग्रीस हायड्रोकार्बनचं असेल तर कार्बन आणि हायड्रोजन दोन्ही वाढतात. सिलिकॉनचं असेल तर मागे राखही राहते. फिल्टर पेपरवरून पदार्थ घेताना कडेचा आणि तळाचा थर सोडा, मधला उचला. कुपी काचेची घ्या. नमुना खलात हलक्या हाताने एकजीव करा, कारण कुपीतून यंत्रात जाणार आहेत फक्त दोन मिलीग्रॅम, आणि ते सगळ्या कुपीचे प्रतिनिधी असायला हवेत.

दुसरी पायरी: सुकवणं

सगळ्यात जास्त निकाल बिघडतात ते इथे, म्हणून इथे घाई नको.

रोटाव्हॅपवर (फिरत्या फ्लास्कमधून कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या उपकरणावर) द्रावक उडवून पदार्थ कोरडा दिसला म्हणजे तो कोरडा झाला असं नाही. स्फटिक तयार होताना द्रावक आत अडकतो, आणि स्फटिक मोठे असतील तर तो दिवसेंदिवस बाहेर येत नाही. आधी पदार्थ कुटून बारीक करा, मग व्हॅक्यूममध्ये ठेवा. वितळणबिंदूच्या बऱ्याच खाली, पण शक्य तेवढी ऊब द्या. पदार्थ उडून जाणारा असेल, म्हणजे संप्लवन पावणारा, तर ऊब न देता फक्त व्हॅक्यूम, तोही बेताचा. पाणी ओढायला फॉस्फरस पेंटॉक्साइड चांगलं. हेक्झेन किंवा टोल्युइनसारख्या द्रावकांसाठी जुन्या प्रयोगशाळांत डेसिकेटरमध्ये पॅराफिन मेणाच्या चकत्या ठेवत, आणि ती युक्ती आजही चालते.

सुकलं की नाही हे घड्याळावरून ठरवू नका, वजनावरून ठरवा. कुपी तोला, चार तास व्हॅक्यूममध्ये ठेवा, परत तोला. लागोपाठ दोन वजनं जुळली की थांबा. त्यानंतर एक प्रोटॉन एनएमआर नक्की काढा, आणि तो त्याच कुपीतल्या सुकवलेल्या भागाचा काढा. महिन्याभरापूर्वीचा एनएमआर या कामाला उपयोगी नाही. राहिलेल्या इथिल ॲसिटेटचं छोटंसं चौपदरी शिखर दिसलं तर त्याचं क्षेत्रफळ मोजून ठेवा, पुढे हिशेबात लागेल.

काही संयुगं पाणी सोडतच नाहीत. ती हायड्रेट म्हणूनच स्थिर असतात. अशांना जबरदस्तीने कोरडं केलं तर ती हवेत बाहेर काढल्याबरोबर पुन्हा पाणी ओढू लागतात आणि तोलताना आकडा स्थिरच राहत नाही. त्यापेक्षा त्यांना हवेत स्थिर होऊ द्या आणि पाण्यासकट विश्लेषण करा. किती पाणी आहे ते कार्ल फिशर अनुमापनाने (फक्त पाणी मोजणारी रीत) किंवा टीजीएने (तापवताना वजन किती घटतं ते मोजणारी रीत) स्वतंत्रपणे मोजून घ्या.

तिसरी पायरी: यंत्र चालवणाऱ्याला सगळं सांगा

बरेच जण नमुन्याच्या चिठ्ठीवर फक्त क्रमांक लिहितात. अपेक्षित सूत्र लिहिलं तर निकाल मुद्दाम जुळवला जाईल अशी भीती असते. पण सूत्र ठाऊक नसेल तर नमुना किती घ्यायचा, ज्वलनाला मदत म्हणून काय मिसळायचं, नळीत कोणतं भरण हवं हे ठरवता येत नाही.

सुरक्षिततेची गोष्ट याहून गंभीर आहे. संयुगात अझाइड, परक्लोरेट, अनेक नायट्रो गट किंवा पेरॉक्साइड, म्हणजे स्फोट होऊ शकणारं काही, असेल तर ते चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहा आणि तोंडीही सांगा. आपण हा पदार्थ टिनच्या छोट्या कॅप्सूलमध्ये भरून, चिमट्याने दाबून घडी घालतो आणि नंतर हजार अंशांच्या भट्टीत शुद्ध ऑक्सिजनबरोबर सोडतो, हे लक्षात असू द्या. पारा आणि आर्सेनिक असेल तर तेही सांगा. फ्लोरिन असेल तर जळताना हायड्रोजन फ्लोराइड होतो आणि तो क्वार्ट्झची नळी खातो. अशा वेळी मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर लागतो. हवेला किंवा ओलाव्याला संवेदनशील संयुग असेल तर ते ग्लव्हबॉक्समध्येच (हवा आणि ओलावा नसलेल्या बंद पेटीत) कॅप्सूलमध्ये भरावं लागतं.

चौथी पायरी: तोलणं आणि घडी घालणं

या कामाला साधा चार दशांशांचा तराजू चालत नाही. एक मायक्रोग्रॅमपर्यंत वाचणारी सूक्ष्मतुला लागते. हिशेब करून पाहा: दोन मिलीग्रॅम पॅरासिटॅमॉल तोलताना फक्त १२-१३ मायक्रोग्रॅमची चूक झाली, तरी कार्बनचा आकडा ०.४ टक्क्याने सरकतो. तेवढा पदार्थ चिमट्याच्या टोकाला डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकाच चिकटून राहतो.

तुला सकाळी चालू करून स्थिरावू द्या. पंखा बंद, एसीचा झोत दुसरीकडे, टेबलावर हात टेकवायचा नाही. कॅप्सूलला बोट लावायचं नाही; बोटाचं तेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच. टिनची रिकामी कॅप्सूल चिमट्याने तुलेवर ठेवा, शून्य करा, बाहेर काढा, स्वच्छ धातूच्या ठोकळ्यावर ठेवून सूक्ष्म स्पॅट्युलाने दीड ते अडीच मिलीग्रॅम नमुना आत टाका. कॅप्सूल तुलेवर असताना नमुना टाकू नका. सांडलेला कण पॅनवर पडला तर त्याचंही वजन धरलं जातं, पण तो भट्टीत जात नाही.

आता घडी. दोन चिमटे घ्या. वरचं तोंड एका चिमट्याने सपाट दाबून बंद करा. दाबलेला भाग एकदा दुमडा, परत दुमडा. मग बाजू आत घेत घेत तिचा छोटा, घट्ट गोळा करा, मोहरीच्या दाण्याहून जरा मोठा. प्रत्येक दाबाबरोबर आतली हवा बाहेर काढायची असते, आणि ते का ते आकड्यानेच सांगते: दहा मायक्रोलिटर हवेत सुमारे ९ मायक्रोग्रॅम नायट्रोजन असतो. दोन मिलीग्रॅमच्या नमुन्यात तेवढी हवा तशीच राहून आत गेली तर नायट्रोजन ०.४५ टक्क्याने फुगतो. ज्याच्या संयुगात नायट्रोजनच नाही त्याला अर्धा टक्का नायट्रोजन का दिसला, याचं उत्तर अनेकदा सैल घडीत असतं.

पण फार जोर लावला की टिन फाटतं. म्हणून गोळा तयार झाला की तो काळ्या, गुळगुळीत काचेवर दोन-तीनदा हलकेच आपटून पाहा. पांढरी पूड दिसली तर तो गोळा टाकून द्या. मग शेवटचं वजन घ्या आणि तेच वजन यंत्रात भरा. घडी घालण्याआधीचं वजन वापरायची सवय लावून घेऊ नका.

नमुना पिसासारखा उडत असेल, कॅप्सूलच्या कडांवर चढत असेल, तर ते स्थिर विजेमुळे. आयनायझर असेल तर त्यासमोरून स्पॅट्युला फिरवा. तेलकट किंवा द्रव नमुन्यासाठी जाड, गुळगुळीत टिनची कॅप्सूल घेऊन तिचं तोंड प्रेसने बंद करतात. साध्या कॅप्सूलच्या घड्यांतून द्रव केशाकर्षणाने बाहेर येतो.

यंत्राच्या आत

गोळा ऑटोसॅम्पलरमधून साधारण ९५० ते १००० अंश सेल्सिअसच्या ज्वलन नळीत पडतो. त्याच क्षणी मोजका ऑक्सिजन सोडला जातो. टिन स्वतः पेट घेतं आणि त्या जागी तापमान क्षणभर सुमारे १८०० अंशांपर्यंत जातं. टिन वापरण्याचं कारण हेच आहे. नळीतले ऑक्सिडीकारक, उदाहरणार्थ टंग्स्टन ऑक्साइड, अर्धवट जळालेलं पूर्ण जाळतात. चांदीची संयुगं हॅलोजन पकडून ठेवतात. पुढे तापवलेल्या तांब्यावरून वायू जातात. तिथे नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा नायट्रोजन होतो आणि जास्तीचा ऑक्सिजन तांब्यात अडकतो. उरलेले वायू हेलियमच्या प्रवाहात कॉलममधून एकामागून एक बाहेर येतात आणि उष्णतावाहकता डिटेक्टर त्यांची शिखरं नोंदवतो: आधी नायट्रोजन, मग कार्बन डायऑक्साइड, मग पाणी. गंधक असेल तर शेवटी सल्फर डायऑक्साइड.

हे माहीत असण्याचा उपयोग बिघाड ओळखायला होतो. तांबं संपत आलं की ऑक्सिजन पुढे निसटतो आणि नायट्रोजनच्या शिखराशी मिसळतो. दिवसभरात सगळ्यांचाच नायट्रोजन हळूहळू वाढू लागला तर नमुन्यांना दोष देऊ नका, नळी बदला.

ऑक्सिजन या मार्गाने मोजता येत नाही, कारण ज्वलनासाठी आपणच तो सोडलेला असतो. त्याच्यासाठी वेगळं, ऑक्सिजनविरहित औष्णिक विघटन करून कार्बन मोनॉक्साइड मोजावा लागतो. बहुतेक ठिकाणी ते टाळतात आणि शंभरातून बाकीची बेरीज वजा करतात. तसं करताना बाकी सगळ्यांच्या चुका ऑक्सिजनच्या खात्यात जमा होतात, एवढं भान ठेवा. हॅलोजनसाठी शोनिगर फ्लास्कमध्ये (ऑक्सिजन भरलेल्या बंद फ्लास्कमध्ये) ज्वलन करून अनुमापन किंवा आयन क्रोमॅटोग्राफी, धातूंसाठी आयसीपी किंवा अणुशोषण या वर्णपटाच्या पद्धती.

दिवसाची मांडणी

सकाळी दोन-तीन रिकाम्या कॅप्सूल चालवा. तो झाला ब्लँक, म्हणजे नमुना नसताना येणारा आकडा. मग एक-दोन नमुने फक्त यंत्र तयार करण्यासाठी, त्यांचे आकडे धरायचे नाहीत. मग वेगवेगळ्या वजनांची प्रमाण संयुगं, म्हणजे ज्यांचे आकडे आधीच पक्के ठाऊक आहेत अशी. ॲसेटानिलाइड हे नेहमीचं: कार्बन ७१.०९, हायड्रोजन ६.७१, नायट्रोजन १०.३६. गंधक हवा असेल तर सल्फॅनिलामाइड: कार्बन ४१.८५, हायड्रोजन ४.६८, नायट्रोजन १६.२७, गंधक १८.६२. मापांकन झालं की त्यापैकीच एक अनोळखी नमुना समजून चालवा. तो बरोबर आला तरच पुढे जा. दर आठ-दहा नमुन्यांनंतर तो पुन्हा मधे घाला.

प्रत्येक नमुना दोनदा करा. दोन आकड्यांत ०.३ टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर सरासरी काढू नका, तिसऱ्यांदा तोला.

आकड्यांवरून सूत्र

समजा एका संयुगाचा निकाल आला: कार्बन ६३.४१, हायड्रोजन ६.०५, नायट्रोजन ९.२१. उरलेले २१.३३ ऑक्सिजन धरू. प्रत्येक टक्केवारीला त्या मूलद्रव्याच्या अणुभाराने भागा. कार्बन ६३.४१ भागिले १२.०११ म्हणजे ५.२७९. हायड्रोजन ६.०५ भागिले १.००८ म्हणजे ६.००२. नायट्रोजन ९.२१ भागिले १४.००७ म्हणजे ०.६५८. ऑक्सिजन २१.३३ भागिले १५.९९९ म्हणजे १.३३३. आता सगळ्यांना सर्वांत लहान आकड्याने, म्हणजे ०.६५८ ने भागा. कार्बन ८.०३, हायड्रोजन ९.१३, नायट्रोजन १, ऑक्सिजन २.०३. म्हणजे ८, ९, १, २ हे गुणोत्तर, पॅरासिटॅमॉलचं सूत्र. हे फक्त गुणोत्तर आहे. रेणूचं खरं वजन मास स्पेक्ट्रमवरूनच ठरतं.

अपेक्षित आकडे ६३.५६, ६.०० आणि ९.२७. प्रत्येक फरक ०.४ च्या आत आहे. हे ०.४ म्हणजे टक्केवारीतला सरळ फरक, त्या आकड्याचा ०.४ टक्का नव्हे. नवशिक्यांची इथे हमखास गल्लत होते. ही मर्यादा अनेक नियतकालिकं मागतात. पण तिला देववाणी समजू नये. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात तीच शुद्ध संयुगं अनेक सेवा-प्रयोगशाळांना पाठवली होती, आणि तिथेही बरेच निकाल या मर्यादेबाहेर पडले. एका निकालावरून संयुग अशुद्ध ठरवू नका, आणि एकाच निकालावरून शुद्धही ठरवू नका.

निकाल जुळला नाही तर

इथे खरा विचार सुरू होतो. तिन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात, एकेक सुटा नाही. सर्वांत आधी कार्बन आणि नायट्रोजनचं गुणोत्तर काढा.

कॅफीनचं उदाहरण घेते. शुद्ध, कोरड्या कॅफीनमध्ये कार्बन ४९.४८, हायड्रोजन ५.१९, नायट्रोजन २८.८५. आता पाण्यातून स्फटिक करून हवेत ठेवलेल्या कॅफीनचा निकाल समजा असा आला: कार्बन ४६.०२, हायड्रोजन ५.६३, नायट्रोजन २६.८०. पाहताक्षणी वाटतं की प्रयोगच फसला. कार्बन साडेतीन टक्क्यांनी खाली! पण गुणोत्तर काढा. ४९.४८ भागिले २८.८५ म्हणजे १.७१५. ४६.०२ भागिले २६.८० म्हणजे १.७१७. गुणोत्तर तेच राहिलं. याचा अर्थ कॅफीन कॅफीनच आहे. त्यात कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही नसलेलं काहीतरी मिसळलं आहे. आणि हायड्रोजन कमी होण्याऐवजी वाढला आहे, म्हणजे ते पाणी.

किती पाणी? कॅफीनच्या एका रेणूतल्या कार्बनचं वजन ९६.०९. नमुन्यात तो ४६.०२ टक्के आहे, म्हणजे एकूण वजन ९६.०९ भागिले ०.४६०२, बरोबर २०८.८. त्यातून कॅफीनचे १९४.१९ वजा केले की उरतात १४.६, भागिले १८.०२ म्हणजे ०.८१. कॅफीनचं हायड्रेट अभ्यासकांना ठाऊक आहे, आणि त्यात एका रेणूमागे पाण्याचे ०.८ रेणूच असतात. ०.८ पाणी धरून काढलेले आकडे ४६.०६, ५.६० आणि २६.८६, निकालाशी छान जुळतात. हे हायड्रेट कोरड्या हवेत पाणी सोडतं, म्हणून तोच नमुना आठवडाभराने केला तर आकडे वेगळे येतील.

हीच रीत बाकी ठिकाणी लावा. गुणोत्तर तेच, पण हायड्रोजनही त्याच प्रमाणात खाली, तर सिलिका, मीठ किंवा राख. मग ज्वलनानंतर नळीतल्या अवशेषाकडे बघा, किंवा थोडा पदार्थ प्लॅटिनमच्या पत्र्यावर जाळून मागे काही उरतं का ते पाहा. तिन्ही आकडे सारख्या प्रमाणात खाली येण्याचं आणखी एक कारण म्हणजे तोलल्यावर सांडलेला नमुना. दोन्हींतला फरक ओळखायला पुन्हा करून पाहणं हाच उपाय: सांडणं दर वेळी सारखं होत नाही, सिलिका दर वेळी सारखीच येते.

गुणोत्तर बदललं असेल तर कार्बन किंवा नायट्रोजन असलेलं दुसरं काहीतरी आत आहे. हेक्झेन किंवा ग्रीस असेल तर कार्बन आणि हायड्रोजन वर, नायट्रोजन खाली. डायमिथिलफॉर्मामाइड किंवा ॲसेटोनायट्राइल असेल तर नायट्रोजन वर जाऊ शकतो. डायक्लोरोमिथेन कार्बन खाली ओढतं, कारण त्याच्या वजनात क्लोरीनच जास्त. अंदाज केला की एनएमआरमध्ये त्या द्रावकाचं शिखर आणि क्षेत्रफळ त्या अंदाजाशी जुळतं का ते पाहा.

आणि फक्त कार्बन कमी, हायड्रोजन आणि नायट्रोजन बरोबर, असं असेल तर ज्वलन अपुरं राहिलं असण्याची शक्यता मोठी. बोरॉन, सिलिकॉन, फॉस्फरस आणि काही धातूंच्या संकुलांत कार्बन कार्बाइडच्या किंवा काजळीच्या रूपात मागे अडकतो. अल्क धातू असतील तर कार्बोनेट होऊन कार्बन डायऑक्साइड राखेतच राहतो. अशा वेळी कॅप्सूलमध्ये व्हॅनेडियम पेंटॉक्साइड किंवा टंग्स्टन ऑक्साइड मिसळून नमुना पुन्हा चालवा. हे सगळं करूनच संयुगावर शंका घ्या.

एका गोष्टीपासून मात्र कळकळीने सावध करते. पाणी आणि द्रावकाचे अपूर्णांक बदलत बसलं की जवळजवळ कोणताही निकाल कोणत्याही सूत्राशी जुळवता येतो. चतुर्थांश पाणी, दशांश डायक्लोरोमिथेन, थोडं हेक्झेन... असं करत करत आकडे बसतात, पण त्याला विश्लेषण म्हणत नाहीत. जे धराल त्याचा दुसरा पुरावा हवा: एनएमआर, टीजीए, कार्ल फिशर किंवा स्फटिकरचना. पुरावा नसेल तर पुन्हा शुद्ध करा. २०१३ साली एका शोधनिबंधाच्या पूरक माहितीत 'इथे मूलद्रव्य विश्लेषण बनवून टाक' अशा अर्थाची सूचना छापून आली आणि जगभर त्यावर चर्चा झाली. आकडा नसेल तर नाही म्हणून लिहा. मर्यादेबाहेर आला असेल तर जसा आला तसा छापा आणि कारण सांगा. प्रामाणिक ओळ लिहिलेली असली की वाचणाऱ्यालाही पुढे काम करता येतं.

नोंद कशी लिहायची

आधी सूत्र, मग अपेक्षित आकडे, मग मिळालेले, सगळे दोन दशांशांपर्यंत: 'कार्बन ८, हायड्रोजन ९, नायट्रोजन १, ऑक्सिजन २ या सूत्रासाठी अपेक्षित: कार्बन ६३.५६, हायड्रोजन ६.००, नायट्रोजन ९.२७. मिळाले: कार्बन ६३.४१, हायड्रोजन ६.०५, नायट्रोजन ९.२१.' पाणी किंवा द्रावक धरला असेल तर तो सूत्रातच दाखवा. प्रयोगवहीत मात्र याहून बरंच लिहा: नमुन्याचं वजन, दोन्ही वेळचे वेगवेगळे आकडे, त्या दिवशी प्रमाण संयुगाचा आलेला निकाल, किती तापमानाला आणि किती तास सुकवलं ते.

उरलेला नमुना फेकू नका. त्याच कुपीत, झाकण घट्ट लावून, तारीख आणि बॅच क्रमांक घालून डेसिकेटरमध्ये ठेवा. परीक्षकाने सहा महिन्यांनी प्रश्न विचारला, तर ज्या पदार्थाचा तो आकडा आहे तोच पदार्थ पुन्हा तोलता आला पाहिजे.